लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्याकडून साक्षीकडे

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकात त्यांचा एखादा उतारा बहुतेकांनी वाचलेला असतो. विजया मेहता यांनी १९८३ मध्ये 'स्मृतिचित्रे' पडद्यावर आणले, तेव्हा ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते त्यांनाही लक्ष्मीबाई ठाऊक झाल्या. त्यांचा विनोद, त्यांची घरगुती भाषा, विक्षिप्त नवऱ्याबरोबर त्यांनी केलेला संसार यांविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. मात्र या साऱ्या कौतुकात एक गोष्ट हळूच कडेला सारली जाते असे मला वाटत आले आहे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती होत्या, आणि ही काही त्यांच्या चरित्रातली नुसती नोंद नव्हती. ज्या बाईला लहानपणापासून दुसऱ्याच्या स्पर्शाची धास्ती घालून वाढवले गेले, तीच बाई पुढे आपली श्रद्धा कोणाही माणसापुढे, कोणत्याही संकोचावाचून सांगू लागली. ती हे कसे करू शकली, एवढ्याच प्रश्नाच्या मागे मी या लेखात जाणार आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांत 'साक्ष' हा शब्द नेहमीच्या वापरातला आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चार लोकांत सांगणे म्हणजे साक्ष देणे. कोर्टातला साक्षीदार जसे पाहिले तसे सांगतो, तसेच. शब्द सोपा आहे, पण ते करणे अवघड आहे, हे मला माझ्या घरात आणि वसतिगृहात दोन्हीकडे दिसले आहे. म्हणूनच लक्ष्मीबाईंकडे मी केवळ एक लेखिका म्हणून पाहू शकत नाही.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या बंडात फाशी झाली होती. या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. जग विटाळले आहे अशी काहीतरी भावना त्यांच्या मनात घर करून बसली आणि तिचे रूपांतर पराकोटीच्या सोवळ्यात झाले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कोणी शिवले तर पुन्हा स्नान, कपडा पुन्हा पिळायचा, भांडे पुन्हा घासायचे. घरातली माणसे या धाकात दिवस काढीत होती. आज वाचताना हसू येते, कारण लक्ष्मीबाईंनी ते तसेच लिहिले आहे. पण ज्या मुलीने ते सोसले तिला त्या वेळी हसू आले नसणार. भीती ही काही शिकवावी लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून मूल ती आपोआप उचलते.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. ते कवी होते, संस्कृत चांगले जाणणारे होते, वक्ते होते आणि कमालीचे लहरी होते. हातात आलेला पैसा त्यांच्या हातात राहत नसे. मनात आले की उठायचे आणि निघून जायचे, घरी सांगायचे नाही, परत केव्हा येणार याचा पत्ता नाही. राग आला तर भयंकर, आणि तो उतरला की तेवढेच प्रेम. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना अक्षरओळख झाली ती टिळकांकडून, तीही संसाराच्या धबडग्यात आणि त्यांच्या लहरीप्रमाणे. पंडिता रमाबाईंशी तुलना केली म्हणजे हा फरक ठळक होतो. रमाबाई लक्ष्मीबाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्या संस्कृतात पारंगत होत्या, देशभर हिंडलेल्या होत्या, सभा गाजवलेल्या होत्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडात असताना विचारपूर्वक त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंकडे यातले काहीच नव्हते. वादात कोणाला हरवावे असा एकही ग्रंथ त्यांच्या पाठीशी नव्हता.

टिळकांचे मन ख्रिस्ताकडे कसे वळले ती हकीकत सुप्रसिद्ध आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. दोघांचे बोलणे कवितेवरून सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. ना व्याख्यान, ना आग्रह. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते एक वाङ्मय म्हणून, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवर प्रीती करावी, दान करताना एका हाताचे दुसऱ्या हाताला कळू नये, अशी वचने त्यांच्या मनातून जाईनात. या प्रसंगाचे मला फार आश्चर्य वाटते. मराठीतल्या ख्रिस्ती भक्तिगीतांचा एवढा मोठा झरा ज्यातून पुढे वाहिला, त्याची सुरुवात आगगाडीच्या डब्यातल्या साध्या गप्पांत आहे.

त्यानंतर टिळकांच्या मनात सुमारे दोन वर्षे झगडा चालला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी नातलगांत होत्या. त्यांना ही बातमी मागाहून कळली.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. टिळकांच्या धैर्याचे गोडवे आमच्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले आहेत, आणि ते धैर्य खोटे नव्हतेच. जातगोत, मानमरातब, मित्रमंडळी यांवर पाणी सोडून एका मराठी ब्राह्मण कवीने त्या काळात हे पाऊल उचलावे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण त्या पावलाची किंमत पहिल्यांदा चुकवली ती त्यांच्या बायकोने. नवरा जिवंत असून ती एकटी पडली. कपाळाला कुंकू लावावे की नाही, हे लोक ठरवणार. लहानग्या दत्तूचे काय करावे, हेही लोक ठरवणार. ज्या मुलीला सोवळ्याच्या धाकात वाढवले तिच्या नवऱ्याने सगळ्यांत मोठा विटाळ आपणहून अंगावर घेतला, असेच तिच्या भोवतालच्या प्रत्येकाला वाटत होते. आपली श्रद्धा जगासमोर मांडण्याचे बळ टिळकांना आले. ते बळ आधी घरात, बायकोसमोर बसून बोलण्यासाठी त्यांनी वापरायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. टिळकांबद्दल आदर असूनही हे लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

मात्र याच टिळकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला ठरावीक मुदतीनंतर कोर्टातून विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले. इकडे लक्ष्मीबाईंनाही आपले दुःख पद्यात गुंफण्याची वाट सापडली. शाळा न पाहिलेली बाई विरहाच्या काळात कवयित्री झाली. नाशिक, जलालपूर, पंढरपूर असे त्यांचे दिवस नातलगांच्या आश्रयाने गेले. विठोबाच्या पंढरपुरात बसून त्या ख्रिस्ती नवऱ्याची काळजी करीत होत्या, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सुमारे साडेचार-पाच वर्षे हा वियोग चालला.

शेवटी त्या टिळकांकडे आल्या, पण धर्म बदलून नव्हे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत होते. लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे बरोबर नेले. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत राहायचे आणि त्यांच्या सावलीपासूनही जपून वागायचे, अशी ती तारेवरची कसरत. टिळकांनी या बाबतीत बळजबरी केली नाही. घरात एका छपराखाली दोन धर्म नांदले. एरवी क्षणात पेटणारा हा माणूस या एका गोष्टीत इतका सबुरीने वागला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

बदल झाला तो राहुरीला. तो कोणाच्या प्रवचनाने झाला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करू लागल्या. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असतील तर जनावरांत जशा वेगवेगळ्या जाती पाहताक्षणी ओळखू येतात तशा माणसांत का येत नाहीत? जन्म सारखा, मरण सारखे, हाडामांसाची घडण सारखी. मग हा सारा खटाटोप माणसाचाच असला पाहिजे. एकदा असे ठरल्यावर त्यांनी पुढचेही ठरवून टाकले. आता कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतर आला; आधी जात गेली. पुष्कळांच्या बाबतीत उलटे झाले आहे. धर्म बदलला आणि जात तशीच अंगाला चिकटून राहिली. लक्ष्मीबाईंच्या मनाचा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

या ठिकाणी मी माझ्याविषयी दोन शब्द लिहिते, कारण त्यावाचून मला यात काय दिसते ते वाचकांना कळणार नाही. आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले त्या आधी आमची वस्ती गावकुसाबाहेर होती. गावातल्या विहिरीवर आमच्या बायकांना घागर बुडवता येत नव्हती. गोखल्यांच्या घरातल्या मुलीला लहानपणी ज्यांच्या सावलीला भिण्याची सवय लावली गेली, त्यांत आम्ही होतो. म्हणून राहुरीच्या त्या दिवसाबद्दल वाचते तेव्हा मला एक धर्मांतराची गोष्ट दिसत नाही. एका बाईने आमच्यासारख्यांच्या घरातल्या माठातले पाणी पिण्याची तयारी केली, एवढे दिसते. मनाने ठरवले तरी शरीर लगेच ऐकत नाही. बारा वर्षांच्या सवयीपेक्षा तीस वर्षांची सवय अधिक हट्टी असते. तरी तो घोट त्यांनी घेतला. माझ्या मते त्यांची पहिली साक्ष ती. शब्द त्यानंतर आले.

१९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. ही साल आमच्या भागात दुसऱ्या कारणासाठीही आठवली जाते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्ह्याची वाताहत केली. गुरे मेली, माणसे देशोधडीला लागली, शेकडो पोरकी मुले मिशनच्या आश्रयाला आली. आमच्या घराण्याचा ख्रिस्ताशी संबंध याच काळात आला. त्यावरून ऐकावे लागणारे टोमणेही पिढीजात आहेत. तुम्ही धान्यासाठी ख्रिस्ती झालात, असे आम्हाला ऐकवले जाते. टिळकांसारख्या ब्राह्मणाने धर्म बदलला तर तो विचाराने बदलला, आणि आमच्या पणज्याने बदलला तर तो भुकेने बदलला, असा हा हिशेब. मला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. पणजोबांनी ते धान्य खाल्ले, म्हणून आज मी हा लेख लिहिते आहे. भुकेल्याला अन्न देणारा देव त्यांना खरा वाटला असेल, तर त्यांचा विचार कोणत्या तर्काने कमी दर्जाचा ठरतो? लक्ष्मीबाईंनाही ख्रिस्त उमजला तो पाण्याच्या घोटातूनच.

पुढची वर्षे नगरची. या वर्षांत लक्ष्मीबाईंनी धर्मप्रसार असा म्हणण्यासारखा थोडाच केला. त्या घर चालवीत होत्या. परंतु घर म्हणजे काय याची त्यांची कल्पनाच बदलून गेली होती. टिळक कोणालाही घरी घेऊन येत, आणि त्या माणसाला ताटावर बसवण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. पोटच्या मुलांबरोबर परकी मुले त्यांच्या घरात वाढली. नगरला प्लेग आला, लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत गेले, तेव्हा मिशनच्या शाळेतल्या आजारी मुलींची शुश्रूषा लक्ष्मीबाईंनी केली. प्लेगच्या रोग्याजवळ तेव्हा रक्ताची माणसेही जायला कचरत. लहानपणी बाजारातून आणलेल्या चिजेला हात लावायला जी मुलगी भीत होती, ती आता प्लेगच्या गाठी आलेल्या मुलीचे अंग पुसत होती. सोवळे सुटणे याचा अर्थ असा असतो.

त्यांच्या घरात राहून गेलेल्यांत एक नाव आपल्या सर्वांच्या आवडीचे आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तिथे या कोवळ्या मुलाने सर्वांना थक्क केले आणि टिळकांनी त्याला हाताशी धरले. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला आईच्या मायेने सांभाळले, त्याचे रुसवेफुगवे काढले. एवढा धडधडीत मिशनरी घरात राहूनही बालकवी हिंदूच राहिले. २७ वर्षांचे असताना, १९१८ साली भादलीच्या स्टेशनाजवळ आगगाडीखाली ते गेले, तोवर टिळकांच्या घराशी त्यांचा जिव्हाळा तुटला नव्हता. माझ्या माहितीतले काही उत्साही लोक याला टिळकांचे अपयश म्हणतील. मला ते तसे वाटत नाही. ज्याला आपल्या श्रद्धेची खात्री आहे त्याला समोरच्या माणसाला ओढून आणण्याची घाई नसते. घाई होते ती खात्री नसलेल्याला.

टिळकांच्या गीतांविषयी इथे लिहिणे भाग आहे, कारण ती गीते नसती तर आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचे तोंडच उघडले नसते. मिशनने आणलेली भक्ती इंग्रजी चालीवरची होती. शब्द मराठी, पण ठेका परका. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची रीत टिळकांच्या आधीपासून होती खरी. तरी ज्ञानदेव-तुकारामांची भाषा ख्रिस्ताच्या भक्तीत इतक्या सहजपणे आणली ती टिळकांनी. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो अशी त्यांची भावना होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. 'उपासना संगीत' या आमच्या भजनांच्या पुस्तकात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'चा मराठी भाग त्यांच्याकडे होता, तिथेही त्यांनी हाच सूर लावला.

पहिल्या वर्षाला मी वसतिगृहात आले तेव्हा खोलीतल्या मैत्रिणींचा प्रश्न ठरलेला होता. तुम्ही घरी इंग्रजी बोलता का? प्रार्थना इंग्रजीत करता का? प्रश्नात वाईट हेतू नव्हता; सिनेमात पाहिलेला ख्रिस्ती माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर येताना मी 'उपासना संगीत' घेऊन आले आणि एका संध्याकाळी त्यातले टिळकांचे दोन अभंग म्हटले. त्यांतली एक मैत्रीण वारकरी घरातली आहे. तिने आपसूक टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या अभंगाला तर ती माझ्यापेक्षा सुरात होती! तिच्या आजोबांना हे म्हणून दाखवायचे म्हणून तिने एक अभंग वहीत उतरवून घेतला. मी काही समजावून सांगितले नाही, तिने काही विचारले नाही. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने माझ्या वतीने बोलून ठेवले होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिथे जागा असावी, त्यावर परकी शिक्का नसावा, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना उदात्त होती यात शंका नाही. संन्यास घेणाऱ्याच्या बायकोने महिन्याचा किराणा कशातून भरायचा, हा प्रश्न मात्र त्या उदात्ततेत कुठेच बसत नव्हता, आणि तो पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. या वेळी फरक इतकाच होता की त्या आता १८९५ च्या लक्ष्मीबाई राहिल्या नव्हत्या. नवऱ्याची तऱ्हा त्यांना पुरती ठाऊक होती, आणि त्यांच्या विश्वासाचे मूळ आता नवऱ्यात नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, आणि त्यांचा विश्वास उसना नव्हता हे तेव्हा सर्वांना दिसले. नवऱ्याच्या मागे धर्म बदललेली बायको नवरा गेल्यावर माहेरच्या वाटेला लागेल, असे ज्यांना वाटले असेल त्यांचा अंदाज साफ चुकला.

उरलेली सतरा वर्षे लक्ष्मीबाई कामात होत्या. मुलाबरोबर त्या कराचीला जाऊन राहिल्या. आज पाकिस्तानात असलेल्या त्या शहरात तेव्हा मराठी माणसांचा चांगला राबता होता. परका मुलूख, परकी बोली, आणि वय उतरणीला लागलेले. तरी तिथलीही त्यांची वर्णने उत्साहाने भरलेली आहेत. १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. विद्वान मंडळींच्या सभेत त्या अध्यक्षस्थानी बसल्या. मराठीत ख्रिस्ताचे चरित्र गाणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी हाती घेतले होते. दहा अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे घेतले आणि त्यात स्वतःचे ६४ अध्याय घातले. कवित्वाच्या दृष्टीने टिळकांचे अध्याय सरस आहेत असे जाणकार म्हणतील, आणि त्यात तथ्यही असेल. पण दहा कुठे आणि चौसष्ट कुठे! रोज बसून, घर सांभाळून, कोणी मागे नसताना एवढे लिहिणे हा निराळाच पराक्रम आहे.

'स्मृतिचित्रे' या साऱ्यांच्या शेवटी आले. त्यात लक्ष्मीबाई उपदेश करीत नाहीत. ख्रिस्त श्रेष्ठ आणि बाकीचे कनिष्ठ, असा सूर त्यात शोधून सापडणार नाही. पंढरपूर, नाशिक, सोवळ्याचे माहेर, काकवा, आत्या, नणंदा यांचे सारे जग त्यांनी मायेने रंगवले आहे. सोडून आलेल्या घरावर त्यांनी थुंकून पाहिले नाही. स्वतःची फजिती त्या अशा सांगतात की वाचणारा पोट धरून हसतो. नवऱ्याचा राग त्यांनी झाकला नाही आणि त्याचे प्रेमही झाकले नाही. साक्षीदाराने आपल्याला सोयीचे तेवढेच सांगितले तर त्याच्या साक्षीला किंमत राहत नाही. लक्ष्मीबाईंनी गैरसोयीचेही सांगितले. आमच्यातले काही भाविक वाचक या पुस्तकात धर्म कमी आहे म्हणून कुरकुर करतात. मला तर पानोपानी तोच दिसतो. मराठीत ख्रिस्ती माणसाने लिहिलेले एवढे वाचले गेलेले दुसरे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, आणि वाचणाऱ्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत. १९५० मध्ये ते इंग्रजीत गेले. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये पुन्हा नव्याने इंग्रजीत आणले.

पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. १९३७ पर्यंत चारही भाग वाचकांच्या हाती आले होते. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी १९८९ मध्ये त्याची संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. तिची आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकच प्रत आहे. पाने सुटल्यामुळे तिची बांधणी दोनदा नव्याने करावी लागली आहे, आणि ती हवी असेल तर ग्रंथपालांकडे आधी नाव नोंदवून ठेवावे लागते.